रिकामं भांडं परत करू नये

३ मार्च

आज ठरवलं आणि जेवताना नवऱ्याला सांगूनही टाकलं. "बाहेरून येणाऱ्या लोकांना मी बेटाची फेरी घडवणार. पायी." शोगो म्हणाला, "उम." इतक्या वर्षांच्या संसारात त्याचे सगळे "उम" मला पाठ झालेत. हा "तुझं डोकं फिरलंय, पण थोडं लोणचं वाढ" यातला होता. वाढलं.

गेल्या शरदात बस बंद झाली. तीस वर्षं ती मी चालवली. प्रवासी उरले नाहीत म्हणून गावकचेरीने मला फुलांचा गुच्छ दिला आणि चावी काढून घेतली. हिवाळाभर घरात बसून कपाटं आवरली, मग पुन्हा पसरून पुन्हा आवरली. घरात बसणं मला जमत नाही. बासष्ट हे काही बसायचं वय नव्हे.

फेरी घडवणार म्हणते खरी, पण मी स्वतः तारुशिमाची पूर्ण फेरी कधीही केलेली नाही. कोणाला सांगितलं तर हसतील. बंदरापासून रस्ता दोन्ही बाजूंनी निघतो आणि कावळेटोकाशी दोन्ही बाजूंनी संपतो. मधे इवाओ मोरिसाकीचं बांबूचं रान. जुनी पाऊलवाट त्यातून जाते, पण त्याच्या वडिलांनी ती मी शाळेत असतानाच दोर बांधून बंद केली. रोज त्या बांबूंसमोर मी बस वळवायचे आणि रोज मनात यायचं, एकदा सरळ जाऊन बघावं. जन्मले इथे, लग्न इथे झालं, मरणारही इथेच, आणि स्वतःच्याच बेटाला वळसा घातलेला नाही.

९ मार्च

मात्सुए शहरातून फोन आला. तिथल्या चालणाऱ्यांच्या मंडळाच्या हामाओका बाई. अकरा जण, एकोणीस एप्रिलला येणार. माझी पहिली मंडळी. बोलताना बाईंनी विचारलं, "फेरी पूर्ण होते ना हो? आमचे लोक आल्या वाटेने परतायला फार कुरकुर करतात."

"होते की," मी म्हणाले.

माझी जीभ माझ्या पुढे चार पावलं चालते. फोन ठेवल्यावर आठवलं, मधे इवाओचं रान आहे.

इवाओच्या घराशी आमचं बोलणं नाही. माझे सासरे आणि त्याचे वडील यांचं गाईवरून वाजलं होतं. आमची गाय त्यांच्या सातूच्या शेतात शिरली असं ते म्हणायचे. शेताला कुंपणच नव्हतं, असं आमचे म्हणायचे. दोन्ही म्हातारे गेले, गाय त्यांच्याही आधी गेली, भांडण मात्र टिकलं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी भांडीकुंडी, गाद्या आणि हे भांडण एकदमच माझ्या हवाली केलं. शोगो आणि इवाओ बंदरावर समोरासमोर आले की दोघेही समुद्राकडे बघत जातात. चार वर्षांपूर्वी इवाओची बायको सुमी गेली तेव्हा आम्ही जाऊन उदबत्ती लावून आलो. मरणाला भांडण आड येत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पुन्हा समुद्र.

१३ मार्च

शेजारच्या तात्सु आजींकडे गेले. फेब्रुवारीत बर्फावरून घसरल्या, तेव्हापासून उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. चौऱ्याऐंशी वय, पण मदत म्हणून घेणार नाहीत. सगळं डाव्या हाताने चालू आहे, चूल, विळी, अंबाड्याची पिनसुद्धा. मी जबरदस्तीने तांदूळ धुऊन दिले तर म्हणतात, "उपकार चढवू नकोस गं किनू. फेडायला मला फार दिवस उरले नाहीत."

त्यांना फोनची गोष्ट सांगितली.

"मग जाऊन विचार त्याला," आजी म्हणाल्या. "इवाओ काही वाघ नाही."

"आमच्या घराने आधी तोंड उघडायचं?"

"गाय तुमचीच होती ना?"

"आजी, तुम्ही आमच्या बाजूच्या की त्यांच्या?"

"मी गाईच्या बाजूची. बिचारीला दोन घास खाल्ल्याचं तीन पिढ्या ऐकावं लागतंय."

हसले खरी, पण घरी येईपर्यंत हसू गेलं होतं. इवाओच्या दारात जाऊन वाट मागायची माझी छाती नाही. तो नाही म्हणाला तर? तर मग कायमचंच नाही.

१६ मार्च

आज जे झालं ते लगेच लिहून ठेवते.

सकाळी दार उघडलं तर पायरीवर ओल्या वाकामे शेवाळाची जुडी, पेंढ्याने बांधलेली, इनॅमलच्या पांढऱ्या भांड्यात. निळा काठ. तसली भांडी सहकारी दुकानात एकदाच आली होती आणि बेटावर घरोघरी गेली होती, त्यामुळे भांड्यावरून काही कळेना.

दारात वस्तू ठेवणारा नाव सांगत नाही, ते घेणाऱ्याने ओळखायचं असतं. चुकीच्या माणसाचे आभार मानले तर खऱ्याचा अपमान. या बाबतीत मी आजवर एकदाही चुकलेली नाही. मुळ्याची माती बघून मी शेत सांगते. म्हणून गाठ नीट पाहिली, आणि पायरीवर बसलेच. गाठ उलटी होती. डाव्या हाताने मारलेली.

आमच्या निशिउरा वस्तीत डावखुरा एकही माणूस नाही. बेटावर एकच आहे. माझ्या मोठ्या भावाच्या वर्गात होता, शाळेच्या क्रीडादिनाला डाव्या हाताने चेंडू फेकायचा, सगळे हसायचे. इवाओ मोरिसाकी.

शोगो पहाटे स्क्विडच्या होडीवरून परतून चहा घेत होता. त्याला म्हटलं, "इवाओने शेवाळ ठेवलंय. फेरीचं कानावर गेलं असणार त्याच्या. आपण होऊन हात पुढे केलाय." शोगोने तोंड उघडलं. मी म्हटलं, "मधे बोलू नकोस, मला विचार करू दे." त्याने तोंड मिटलं आणि चहा प्यायला.

शेवाळाचं सार केलं. इतकं गोड शेवाळ बऱ्याच वर्षांत खाल्लं नव्हतं.

१८ मार्च

विषुवाचा आठवडा लागला. घरोघरी बोतामोची होत आहेत, पितरांसाठी. मी पहाटे उठून भात शिजवला, लाल घेवड्याचं गोड पुरण आटवलं, गोळे वळले. चांगले आठ त्या भांड्यात रचले. भांडं परत करताना रिकामं करू नये, हे तर शेंबडं पोरही जाणतं.

कावळेटोकापर्यंत चालत गेले. पूर्वी बसने जायचे तोच रस्ता, पण पायी गेल्यावर त्यात केवढे चढ आहेत ते कळलं. एवढी वर्षं बिचारी बस काही बोलली नाही. इवाओ घरात नव्हता. दारात भांडं ठेवलं आणि चोरासारखी परत फिरले. रानाच्या तोंडाशी दोर तसाच होता, काळा पडलेला.

२१ मार्च

तात्सु आजींनी कुंपणावरून विचारलं, "शेवाळ बरं होतं का?"

"आजी, तुम्हाला कसं कळलं?" या बाईला बेटावरचं सगळं कळतं. मग मी त्यांना पूर्ण हकिगत सांगितली, गाठ, डावखुरा इवाओ, बोतामोची, सगळं. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसू लागल्या, इतक्या की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

"इवाओने म्हणतेस? बरं, बरं. असेल बाई."

"हसण्यासारखं काय आहे त्यात? माणूस बदलतो."

"बदलतो तर. माझंही एक निळ्या काठाचं भांडं दिसत नाही हल्ली."

"शोधून देऊ का?"

"नको, नको," आजी म्हणाल्या. "जिथे असेल तिथे राहू दे. कामाला आलेलं दिसतंय."

म्हातारपणी डोकं असं भरकटतं. वाईट वाटलं. संध्याकाळी पुन्हा तांदूळ धुऊन दिले.

२५ मार्च

भांडं परत आलं! सकाळी पायरीवर, आत सुकवलेले उडते मासे, एकसारखे निवडलेले. गाठ तीच, डाव्या हाताची.

हे मला जरा उलगडेना. भांडं त्याचं, मी त्याला भरून परत केलं, म्हणजे हिशोब मिटला. त्याने पुन्हा तेच भांडं भरून पाठवलं. म्हणजे एकदा देऊन त्याचं समाधान झालेलं नाही. सुमी असताना हा माणूस बंदरावर कोणाला मान डोलावत नसे. एकटेपणाने माणूस मऊ होतो की काय. शोगोला विचारलं. तो म्हणाला, "भांडं..." आणि थांबला. मी म्हटलं, "हो ना, तेच तर म्हणतेय मी."

आता त्याचं भांडं माझ्याकडे ठेवून घेणं शोभत नाही. उद्या मिसोत मुरवलेले मुळे पाठवीन.

२ एप्रिल

मुळे गेले, त्यावर सुकवलेल्या अळंब्या आल्या. अळंब्यांवर मी तिळाचं टोफू पाठवलं. भांडं काही कोणाकडे टिकत नाही. गेल्या दहा दिवसांत मी कावळेटोकाला जितक्या वेळा चालत गेले तितक्या वेळा आयुष्यात गेले नसेन. पाय घट्ट झालेत, एवढं खरं.

मधल्या वेळात पूर्वेकडची बाजू चालून पाहिली. कड्यावर गाई सोडल्यात, त्या वाटेतच आडव्या बसतात आणि उठत नाहीत. पाहुण्यांना आवडेल. शहरातल्या माणसाला गाईसाठी थांबायला आवडतं. कड्यावरून कावळेटोक पलीकडून दिसतं. इवाओच्या घराचं छप्परही दिसतं, मधे हिरवं रान. दगड मारला तर पोचेल इतकं जवळ. आणि जायचं तर सगळ्या बेटाला उलटा वळसा.

५ एप्रिल

आज भांड्यात काकड्यांचे कोंब... नाही, कोवळे बांबूचे कोंब आले. काय लिहिते आहे तेही सुचत नाही. हे कोंब त्याच रानातले, दुसरीकडे कुठे बांबू नाहीच. पन्नासेक वर्षं त्या रानात आमच्या घरातल्या कोणी पाऊल टाकलेलं नाही आणि आज ते माझ्या पातेल्यात शिजत होतं. डोळ्यांत पाणी आलं. वाफेमुळे, असं शोगोला सांगितलं.

यावर काय द्यायचं? शोगोने पहाटे दोन तांबडे ताई मासे आणले होते. मी लहान उचलला. शोगोने तो माझ्या हातातून घेतला आणि न बोलता मोठा ठेवला. भांड्यात मावेना, शेपटी बाहेर लोंबत होती. तसाच नेऊन दिला.

आता माझा खरा पेच. वाट मागायची राहूनच गेली आहे आणि आता तर मागताच येणार नाही. मागितली तर मुळे, टोफू, ताई, सगळं लाच ठरेल. तो म्हणेल, म्हणून देत होती होय. शेवाळ आलं त्या दिवशीच गेले असते तर मागता आलं असतं. प्रेमाने वागून मी स्वतःचीच वाट बंद केली.

११ एप्रिल

ताईनंतर काही आलं नाही. रोज सकाळी दार उघडते, पायरी मोकळी.

तात्सु आजींना सांगितलं तर त्यांनी कपाळाला डावा हात लावला. "एवढा ताई? अगं, लग्नात देतात तसला मासा दिलास? आता तो माणूस त्याच्या तोडीचं कुठून आणेल? मान वर करता येणार नाही बिचाऱ्याला."

"मोठा मासा शोगोने दिला," मी म्हणाले.

"शोगोने?" आजींनी कपाळावरचा हात काढला. "शोगोने दिला असेल तर ठीक आहे."

काय ठीक आहे ते सांगेनात. मला काहीच ठीक वाटत नाही. कदाचित इवाओला राग आला असेल. कदाचित श्रीमंती दाखवली असं वाटलं असेल. चांगलं चाललेलं मी बिघडवलं.

१४ एप्रिल

हामाओका बाईंना फोन करून खरं सांगितलं. "फेरी पूर्ण होत नाही. कावळेटोकापाशी वाट बंद आहे. आल्या रस्त्याने परतावं लागेल. आधीच सांगायला हवं होतं."

बाई म्हणाल्या, "हरकत नाही. जाता येईल तिथवर जाऊ." आवाज अगदी सभ्य होता, त्यामुळेच जास्त लागला. त्या पुन्हा येणार नाहीत आणि कोणाला सांगणारही नाहीत. बस गेली तेव्हा मी रडले नव्हते. आज रडले, न्हाणीघरात, नळ सोडून.

१६ एप्रिल

दुपारी पूर्वेच्या कड्यावर गेले होते, उगाच. गाईंमध्ये उभी असताना पलीकडून आवाज आला. ठक, ठक. मग थांबून पुन्हा ठक. हिरव्या रानात एक शेंडा हलला आणि आडवा झाला.

इवाओ बांबू तोडत होता.

धावत घरी आले. (धावत म्हणजे माझ्या वयाला जमेल तसं.) शोगो होडी धूत होता. "इवाओ वाट मोकळी करतोय. सत्तरीचा माणूस, एकटा." शोगोने नळ बंद केला, फडताळावरून कोयता काढला आणि मालट्रक घेऊन निघून गेला. मला ये म्हणाला नाही, म्हणून गेले नाही. पुरुषांचं भांडण पुरुषांनी बघावं.

दिवेलागणीला परतला तेव्हा हातभर ओरखडे होते.

"भेटलात?"

"तो पश्चिमेकडून तोडत होता. मी पूर्वेकडून."

"मग?"

"मधे भेटलो."

"काय बोललात?"

"कोयत्याला धार लावून घे म्हणाला. बोथट आहे म्हणाला."

"आणि तू?"

"लावून घेतली. त्याच्याच दगडावर."

सबंध आयुष्यात शोगो एका दमात इतकं बोलल्याचं मला आठवत नाही. जेवल्याबरोबर झोपला. मी हामाओका बाईंना फोन लावला आणि त्या "हॅलो" म्हणायच्या आत "होते, होते" असं ओरडले. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

१९ एप्रिल

झाली. पूर्ण फेरी झाली.

सकाळच्या बोटीने अकरा जण उतरले. आम्ही पूर्वेने निघालो. गाई वाटेत बसल्याच होत्या, अपेक्षेप्रमाणे उठल्या नाहीत, सगळे त्यांना वाकून "माफ करा हं" म्हणत बाजूने गेले. एका आजोबांच्या बुटाचा तळ सुटला, तो मी पेंढ्याने बांधला. कावळेटोकाशी रस्ता संपला आणि समोर वाट होती. दोर नव्हता. तोडलेले बांबू दोन्ही बाजूंना नीट रचलेले, पायाखाली कोरडी पानं.

मी पुढे होते. आत गेल्यावर हिरवा उजेड होता आणि वारा फक्त वर. पाहुणे बोलायचे थांबले. मी काही माहिती सांगायला हवी होती, पण मला तरी कुठे माहिती होती? मीही पहिल्यांदाच येत होते. मग झाडी विरळ झाली आणि आम्ही उघड्यावर आलो, थेट बस वळवायच्या जागेत. टायरांच्या खुणा अजून आहेत. सगळं ओळखीचं, पण उलट्या बाजूने. तिथे उभी राहून मी सगळ्यांसमोर रडले. हामाओका बाईंनी पाठीवर हात ठेवला आणि बाकीच्यांना समुद्र बघायला लावलं. बाई चांगल्या आहेत. शरदात पुन्हा येतो म्हणाल्या, दुसऱ्या मंडळालाही सांगणार आहेत.

इवाओ अंगणात किटली आणि कप मांडून बसला होता. पाहुणे चहा पीत होते तेव्हा तो माझ्याजवळ आला. माझ्याशी बोलायची ही त्याची पहिलीच वेळ. समुद्राकडेच बघत बोलला.

"वहिनी, त्या ताईच्या तोडीचं घरात काही नव्हतं. रान तेवढं होतं."

"इवाओदादा, त्याची काय गरज होती?" मी म्हणाले.

"सुमी गेल्यापासून या दारात कोणी काही ठेवलं नव्हतं. लोक ठेवायचे ते तिच्यासाठी. मला बोतामोची येत नाहीत करायला. विषुवाला तिच्या थडग्यापुढे काय ठेवावं म्हणून त्या दिवशी नुसताच तिथे जाऊन बसलो होतो. परत आलो तर दारात आठ. आधी वाटलं, कोणी चुकून ठेवलं. मग तिच्याकडे घेऊन गेलो. चार तिला, चार मी तिथेच बसून खाल्ले. तिला सांगितलं, शोगोच्या घरून आलंय. आधी हात पुढे करायचं माझ्याने झालं नसतं, वहिनी. तुम्ही केलात."

मग माझ्या लक्षात आलं, हा मनुष्य स्वतःचं शेवाळ विसरलाय. किंवा विसरला नसेल, आपण सुरुवात केली हे कबूल करायची लाज वाटत असेल. पुरुष तसेच असतात. "अहो, शेवाळ कोणी ठेवलं होतं?" हे अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गिळलं. त्याला कोणीतरी आपल्याकडे आधी यायला हवं होतं. मग तसंच असू दे.

"हो," मी म्हणाले, "म्हटलं, कोणीतरी सुरुवात करायला हवी. मग मीच केली."

त्याने मान खाली केली आणि बराच वेळ वर केली नाही. नंतर पाहुण्यांचे कप भरायला गेला.

साफ खोटं बोलले. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, एका विधुराच्या अंगणात, दुसऱ्याचं श्रेय लाटलं. पण परत येताना मन इतकं हलकं होतं की पाय दुखत असल्याचं घरी पोचल्यावर कळलं. देवाने हे एक खोटं माझ्या नावावर मांडलं तरी माझी तक्रार नाही.